शीतकपाटांतील वायु

आपल्या स्वयंपाकघरांतील फ्रिजच्या पाठीमागें एक लहानशी माहितीपट्टी चिकटविलेली असते. फ्रिज अलीकडचा असेल, तर तिजवर बहुधा ‘आर-६००ए’ अशीं अक्षरें आढळतील. आइसोब्यूटेन या वायूचें हें बाजारी नांव. स्वयंपाकाच्या गॅसचा हा भाऊबंद. अर्थात् पेट घेणारा. दूधदुभतें ठेवण्याच्या कपाटांत असा वायु मुद्दाम कां भरला, असें एखाद्या गृहिणीनें विचारलें तर तिचा प्रश्न रास्तच आहे.

१९२० नंतरच्या दशकांत फ्रिजमध्यें अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड हे वायु वापरीत. नळी गळली कीं घरांतील माणसांच्या जिवावर बेते. तेव्हां अमेरिकेंतील थॉमस मिज्ली व त्याचे सहकारी यांनीं न जळणारा आणि विषारी नसणारा वायु योजून काढला. तोच फ्रेऑन. १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिज्लीनें तो छातींत भरून घेतला आणि त्याच श्वासानें जळती मेणबत्ती विझविली. मास्तरकींत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला या प्रयोगाचें कौतुक वाटतेंच. परंतु मेणबत्तीनें दोनच प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. सुटलेला वायु पुढें जातो कोठें, हा तिसरा प्रश्न त्या सभेपुढें आलाच नाहीं.

फ्रेऑनचा मोठा गुण म्हणजे त्याचें स्थैर्य. ऊन, पाऊस, कशानेंही तो मोडत नाहीं; हवेंत सुमारें १०० वर्षें टिकतो. तेवढ्या काळांत तो सावकाश वर चढतो. तेथें अतिनील किरणांनीं फुटतो, क्लोरिनचा अणु मोकळा होतो, आणि तो एकच अणु ओझोनच्या हजारों रेणूंचा नाश करतो. मोलिना व रोलंड यांनीं हें १९७४ सालीं मांडलें. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनचें विवर उघडकीस आलें. १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला.

मग क्लोरिन वगळून १३४ए नांवाचा वायु आला. त्यानें ओझोन वांचला, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता तो अडवून धरतो. म्हणून २०१६ सालीं किगाली येथें त्यालाही कात्री लावण्याचें ठरलें.

आतां रसायनज्ञ उलट दिशेनें विचार करतात. पदार्थ काम संपल्यावर निरुपद्रवी घटकांत मोडावा, हें तत्त्व अ‍ॅनास्टस व वॉर्नर यांनीं १९९८ सालीं बारा नियमांत घातलें. मोटारींसाठीं केलेल्या १२३४वायएफ या वायूच्या रेणूंत कार्बनचा एक दुहेरी बंध मुद्दाम ठेवला आहे. तेथेंच हवा त्याला तोडते, तीही थोड्या दिवसांत. मात्र त्यांतून उरणारें एक आम्ल पाण्यांत सांचून राहतें. त्याला निर्दोष म्हणण्याची घाई मी तरी करणार नाहीं.

आइसोब्यूटेनही थोड्याच दिवसांत मोडतो आणि मागें चिवट असें कांहीं ठेवीत नाहीं. घरगुती फ्रिजमध्यें तो पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास असतो, आणि ठिणगी उडूं नये अशी विजेच्या भागांची रचना केलेली असते. धोका आहे, पण तो डोळ्यांसमोरचा आणि मापांतला आहे, नातवंडांच्या आकाशावर ढकललेला नाहीं. तेव्हां बर्फ सुरीनें खरवडूं नये, आणि दुरुस्तीस कारागीर आला कीं त्याला आधीं ती पट्टी दाखवावी. नळीला झाळ देण्यापूर्वी आंत कोणता वायु आहे, हें त्याला ठाऊक असलें पाहिजे.