पावसाळी गारठ्यात अंगाशी काय असावे?

घरातील वयस्कर माणसाला थंडी वाजते आहे की नाही, हे आपण कसे ओळखता? बहुतेक घरांत त्यासाठी एकच उपाय असतो : त्यांनाच विचारायचे. “नाही रे बाबा, बरी आहे मी,” असे उत्तर आले की आपण निर्धास्त होतो. परंतु महाबळेश्वर, पाचगणी, आंबोली अशा घाटमाथ्यावरच्या गावी आषाढ-श्रावणात राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत या उत्तरावर विसंबून राहू नये, असे मी स्वानुभवाने सांगतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. वर्षाला तेथे साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैमधील तापमान साधारण १६ ते २० अंश सेल्सिअस. आकडा काही भयंकर वाटत नाही. पुण्यातील डिसेंबरची पहाट याहून गार असते. पण पुण्यात दुपारी ऊन पडते आणि अंगावरचे कपडे कोरडे असतात. घाटमाथ्यावर धुके थेट माजघरापर्यंत येते, दोरीवरचे धुणे चार-चार दिवस वाळत नाही, कपाटातील घडीसुद्धा सादळते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्वचेला टेकलेला ओलसर कपडा अंगातली ऊब सतत बाहेर काढत राहतो, मग त्यावर आपण कितीही शाली घाला.

आमची आत्या महाबळेश्वरजवळच राहते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ती खिडकीपाशी बसली होती. अंगावर सुती झंपर, त्यावर दोन स्वेटर, वर शाल. थंडी वाजत नाही म्हणाली. बोलणे मात्र जड येत होते, चहाच्या कपावर बोटे नीट बसत नव्हती. वय झाले, डुलकी लागली असेल, असे आम्ही समजलो. शाल सारखी करताना माझा हात तिच्या पोटाला लागला, तो दगडासारखा गार! आतला झंपर दमट होता. सकाळी तो पुरता वाळलेला नसतानाच तिने घातला होता. गावातील डॉक्टर आले ते पहिल्याने म्हणाले, “वर काही घालू नका. आधी सगळे काढा.” काचेच्या तापमापकातला पारा ९४च्या खुणेवरून हललाच नाही. ताप मोजण्याचे हे साधन त्याखाली काही दाखवतच नाही. आत्याला दोन रात्री रुग्णालयात राहावे लागले.

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाणे धोक्याचे समजतात. तरुण माणूस त्याआधीच कुडकुडतो आणि त्या थरथरीतून स्नायू उष्णता निर्माण करतात. उतारवयात स्नायू घटतात, त्वचेखालची चरबी पातळ होते, त्वचेतील रक्तवाहिन्या चटकन आकुंचन पावत नाहीत आणि कुडकुडणेही मंदावते. मधुमेहाने संवेदना बोथट झाल्या असतील, थायरॉइड मंद असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर अधिकच सावध राहावे. ‘थंडी वाजत नाही’ असे सांगणारी वृद्ध व्यक्ती खोटे बोलत नसते. तिच्या शरीराने तिला वर्दीच दिलेली नसते.

म्हणून कपड्यांचा विचार आतून बाहेर करावा. आपण नेमका उलट करतो. सुती कपड्यावर आपला फार जीव आहे आणि उन्हाळ्यात तो योग्यही आहे. परंतु सूत ओल धरून ठेवते आणि सोडायला फार वेळ लावते. पावसाळी गारठ्यात अंगालगत पातळ, मऊ लोकरीचा किंवा पॉलिस्टरमिश्रित थर्मल बनियन असावा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प तंतूंमध्ये सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. जुन्या धनगरांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन ते मेंढरांमागे फिरत. घोंगडी त्वचेला टोचते, तेव्हा ती आतला थर म्हणून सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. पण गुडघ्यांवर घ्यायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. सुती गोधडी मात्र पावसाळ्यात दमट होते, हे मान्य करताना जीवावर येते.

मधल्या थराला एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ, विणीचे स्वेटर बरे. ऊब त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेमुळे टिकते. याच कारणाने वरचा कपडा आतल्यापेक्षा सैल हवा. घट्ट ताणून बसवला की हवा दबते, आणि वृद्धांचा श्वासही कोंडल्यासारखा होतो. समोरून उघडणारे, मोठ्या बटनांचे स्वेटर निवडा. संधिवाताने आखडलेले हात डोक्यावरून कपडा काढू शकत नाहीत. मग ओला झाला तरी तो तसाच अंगावर राहतो, कारण मदतीसाठी हाक मारायला संकोच वाटतो.

साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या निऱ्यांचा काठ ओल्या फरशीवरून पाणी वर ओढत राहतो. काठ घोट्याच्या वर राहील अशी साडी नेसवावी आणि परकराच्या आत थर्मलची विजार द्यावी, पण नाडीची नव्हे, इलॅस्टिकची. रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या माणसाला गाठ सोडेपर्यंत धीर धरवत नाही. लघवीने ओला झालेला कपडा पावसाइतकाच गार करतो. याबद्दल घरात मोकळेपणाने बोलावे, रागावू नये. मोजे तळाला रबरी ठिपके असलेले घ्यावेत, साधे मोजे फरशीवर घसरतात.

बाहेर जाताना छत्रीपेक्षा समोरून उघडणारा रेनकोट चांगला. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री असली की कठडा धरायला हात उरत नाही. मात्र रेनकोटमध्ये घाम जिरत नाही. घरी येताच तो पडवीतच काढावा आणि आतला बनियन चाचपून पाहावा.

कपडे वाळवायचे कसे, हा खरा प्रश्न. पूर्वी कपाटात बल्ब लावून ठेवत. आताचे एलईडी दिवे गरमच होत नाहीत, आणि जुन्या बल्बने कपड्याला आग लागण्याची भीती असे ती वेगळीच. अंगालगतचा कपडा घालण्यापूर्वी इस्त्री फिरवून घेणे सर्वांत सोपे. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. मधुमेह्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवीही नको, भाजलेले त्यांना कळत नाही.

जीभ जड होणे, उगाच झोपाळूपणा, गोंधळलेली उत्तरे आणि गार पोट ही चिन्हे एकत्र दिसली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तोवर ओले कपडे काढून अंग हलकेच टिपा, कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा, कानटोपी घाला. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल, तरच कोमट गोड पेय द्या. हातपाय चोळू नका. ब्रँडीचा चमचा तर मुळीच नको. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते.

आत्याचा अंगालगतचा बनियन आता दिवसातून दोनदा बदलतो : आंघोळीनंतर आणि दिवेलागणीला. थंडी वाजत नाही, असे ती अजूनही सांगते. आम्ही हो म्हणतो आणि तिला विचारून पोटाला हात लावून पाहतो.