बालरुग्णाची सोपवणूक : परिचर्या-शिक्षणातील महत्त्वाचा धडा

रुग्णालयात पाळी बदलते. शुश्रूषा मात्र खंडित होऊन चालत नाही. एका परिचारिकेने रुग्णाची माहिती व जबाबदारी दुसरीच्या हाती देणे, यास सोपवणूक म्हणतात. प्रौढ रुग्ण राहून गेलेली गोष्ट स्वतः सांगू शकतो. तान्हे मूल सांगू शकत नाही. म्हणून बालरुग्णाची सोपवणूक विद्यार्थिनींना काळजीपूर्वक शिकवावी लागते.

जुलाबाने शोष पडलेल्या ८ किलो वजनाच्या बालकास जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे चार तासांत ६०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावयाची असते. मध्येच पाळी बदलली आणि किती दिली हे सांगावयाचे राहिले, तर पुढचा सारा हिशेब चुकतो. औषधाचेही तसेच. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम अशा प्रमाणांत मिळते. ‘एक चमचा दिला’ एवढ्याच निरोपाने मात्रा दुप्पट होण्याचा धोका असतो. वजन, मात्रा व वेळ या तिन्ही गोष्टी आकड्यांत सांगणे, हा पहिला नियम होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेच्या उपायांत सोपवणुकीचा समावेश केला. अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली एक रीत त्यासाठी उपयोगी ठरली आहे : सद्यःस्थिती, पूर्ववृत्त, स्वतःचे निरीक्षण आणि पुढे काय करावयाचे, हा क्रम. विद्यार्थिनींकडून तो जोडीजोडीने वदवून घ्यावा. ऐकणारीने तो पुन्हा म्हणून दाखवावा. हे खाटेपाशी, आईच्या समक्ष व्हावे, कारण मुलातील बदल प्रथम तिच्याच ध्यानी येतो.

बीड जिल्ह्यात ही सोपवणूक कक्षाच्या दाराशी संपत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी बरे झालेले मूल गावी परतते. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. जुलाबानंतरच्या जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्यावयाच्या असतात. तोवर मूल कदाचित उसाच्या फडावरील कोपीत असेल. तेथे गावची आशा सेविका नसते. अशा वेळी आई हीच पुढची परिचारिका ठरते. तिला साध्या मराठीत समजावून, तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेऊन, लेखी कागद सोबत देणे विद्यार्थिनीस आले पाहिजे.

पंचायत सदस्य व शिक्षक यांनीही फडावर निघालेल्या कुटुंबाजवळ मुलाचे आरोग्यपत्र आहे ना, हे आवर्जून पाहावे. रुग्णालयाने सोपविलेले मूल गावानेही तितक्याच दक्षतेने पुढे सोपविले पाहिजे.