घरबंदीचे दिवस आणि घराची घडी

सन २०२० च्या मार्च महिन्यापूर्वीं 'टाळेबंदी' हा शब्द आपल्या कानांवर पडे तो गिरणी-कारखान्यांच्या संदर्भांत. मालकानें दरवाजाला कुलूप लावावें आणि कामगारांनीं बाहेर राहावें, ती टाळेबंदी. त्या वर्षीं शब्दाचा अर्थ अगदीं उलटा झाला. माणसें आंत राहिलीं आणि सारें जग बाहेर राहिलें. २४ मार्चच्या रात्रीं घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ऐन गुढीपाडव्याला, एकवीस दिवसांची पहिली बंदी सुरू झाली. ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. त्या सणाला पुष्कळ घरच्या गुढ्यांना साखरेच्या गांठीवांचूनच उभें राहावें लागलें.

श्रोतेहो, ते दिवस आतां मागें पडले आहेत. तरी त्यांविषयीं बोलण्याचें प्रयोजन असें, कीं साथीचे रोग ही आपल्या प्रांताला नवी गोष्ट नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला. आणि प्लेगसाठीं १८९७ सालीं जो साथरोग कायदा झाला त्याचाच आधार सरकारनें २०२० मध्यें घेतला. अशा प्रसंगीं सरकारी आज्ञा कोणत्या निघाव्या हें तुमच्या-आमच्या हातीं नसतें. घरांतला दिवस कसा चालवावा, हें मात्र असतें.

घरांत बसल्यावर सर्वांत आधीं बिघडली ती वेळ. आठ-दहा दिवसांतच आज वार कोणता हें विचारण्याची पाळी आली. जेवणें दोन वाजतां, निजणें मध्यरात्रीनंतर, आणि सकाळीं उठावें तों ऊन गॅलरींतून निघून गेलेलें. पुष्कळांनीं याला आळस म्हटलें, पण तो सर्वस्वीं आळस नव्हे. मनुष्याच्या शरीरांत एक घड्याळ चालतें आणि त्याचा फेरा बहुतेकांच्या बाबतींत चोवीस तासांहून किंचित् मोठा असतो; म्हणजे आपल्या आपण सोडलें तर तें रोज थोडें थोडें मागें पडतें. त्याला दररोज जुळवून देतो तो सकाळचा उजेड. घरांतल्या साध्या दिव्याचा उजेड मोजला तर तो शें-दोनशें 'लक्स' भरतो. उघड्या आकाशाखालीं तोच दिवसा दहा हजारांच्या वर जातो. आपले डोळे दोहोंशीं चटकन् जुळवून घेतात, म्हणून हा फरक आपल्या ध्यानीं येत नाहीं. शरीराच्या घड्याळाला मात्र तो कळतो. कचेरीस जाणारा मनुष्य बसच्या थांब्यापर्यंत चालतां चालतां, नकळत, तें घड्याळ लावीत असतो. ती चाल बंद झाली आणि घड्याळ सुटलें. यावर उपाय बिनपैशाचा आहे. उठल्यावर अर्धा तास गॅलरींत, गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशीं बसावें. चहा तेथेंच घ्यावा. आणि निजण्याची वेळ पाळतां आली नाहीं तरी उठण्याची पाळावी.

त्या दिवसांत एक दाखला फार ऐकूं येई. १६६५ सालीं प्लेगमुळें केंब्रिजचें विद्यापीठ बंद झालें, न्यूटन आपल्या गांवीं जाऊन राहिला आणि तेथें त्यानें गणितांत व प्रकाशशास्त्रांत मोठे शोध लावले. तेव्हां तुम्हीही या फुरसतीचें सोनें करा! दाखला खरा आहे, पण तो देणाऱ्यांनीं एक गोष्ट सोडून दिली. न्यूटनला भाकरी भाजावी लागत नव्हती.

घराचा खरा ताण तेथेंच होता. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं, म्हणजे साथीच्या आधींच, लोकांचा वेळ कोठें जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शंभरांत एक्याऐंशी जणी रोज बिनपगारी घरकाम करीत होत्या, पुरुषांत अवघे सव्वीस. आणि या करणाऱ्यांतही स्त्रियांचा वेळ सरासरीनें २९९ मिनिटें, पुरुषांचा ९७. आतां यांत मोलकरीण येईनाशी झाली, सर्व मंडळी तिन्हीत्रिकाळ घरीं जेवूं लागली, भांडीं दुप्पट झालीं. अनेक सुशिक्षित गृहस्थांनीं त्या महिन्यांत प्रथमच केरसुणी हातीं धरली आणि आपले फोटो काढून सोयऱ्याधायऱ्यांस पाठविले. पण मदत करणें वेगळें आणि काम अंगावर घेणें वेगळें. 'सांग, काय करूं?' असें विचारणारा मनुष्य काम हलकें करीत नाहीं, आठवण ठेवण्याचें काम दुसऱ्यावरच ठेवतो. ज्या घरीं भांडीं अमक्याचीं, पाणी भरणें तमक्याचें, असें एकदां ठरून गेलें, त्या घरीं कुरबूर कमी झाली असें माझ्या पाहण्यांत आहे.

जागेचीही तीच कथा. आमचें बिऱ्हाड तीन खोल्यांचें आणि माणसें पांच. मुलगा संगणकावर कचेरीचें काम करी, नात मोबाईलवर शाळा भरवी. आम्ही असें ठरविलें, कीं दाराच्या कडीला उपरणें अडकविलेलें दिसलें म्हणजे आंत काम चालू आहे. हांक मारावयाची नाहीं. शाळेंत घंटेनें जें साधतें तें येथें उपरण्यानें साधलें. मात्र ज्या घरीं तीन मुलें आणि फोन एकच, तेथें कोणती युक्ति चालणार? त्या मुलांचें वर्ष बुडालें तें बुडालेंच. (दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर त्या वर्षीं झालाच नाहीं, बाकीच्या विषयांच्या सरासरीनें गुण दिले गेले. भूगोल शिकविणाऱ्याला हें लागतें!)

आणि घरांत बसून राहणें हेंही एक भाग्यच होतें, हें विसरूं नये. ८ मे २०२० रोजीं पहाटे, आजच्या छत्रपति संभाजीनगरजवळ करमाड येथें, पायीं आपल्या मुलुखाला निघालेले सोळा मजूर रुळांवर झोंपले असतां मालगाडीखालीं सांपडून मेले. आपल्याकडे येणाऱ्या मोलकरणीला, पेपर टाकणाऱ्या पोराला न आलेल्या महिन्यांचा पगार पोंचविणें हें घराच्या घडींतच मोडतें. कांहींनीं तो दिला. पुष्कळांनीं 'काम नाहीं तर दाम नाहीं' असा हिशेब केला.

स्वच्छतेविषयीं थोडकेंच. या विषाणूचें बाह्य आवरण स्निग्ध असतें, तें साबणानें फुटतें. म्हणून वीस सेकंद हात धुणें योग्यच होतें. दुधाच्या पिशव्या आणि भाजी धूत बसण्यांत जे तास गेले त्यांचा लाभ अल्प झाला, कारण हा रोग मुख्यतः हवेंतून पसरतो असें पुढें स्पष्ट झालें. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणें हें त्या धुण्याहून अधिक उपयोगी.

शेवटीं माझ्या वयाच्या मंडळींकरितां. पासष्ट वर्षांवरील माणसांनीं घरींच राहावें असा सल्ला होता, आणि तो पाळतां पाळतां अनेकांचे पाय गेले. म्हातारपणीं स्नायु बसून राहिल्यानें लौकर झडतात आणि परत भरण्यास फार वेळ लागतो. फिरावयास जागा नाहीं ही सबब खरी नव्हे. वीस फूट लांबीची खोली किंवा गॅलरी असली, तर एक किलोमीटर म्हणजे एकशें चौसष्ट फेऱ्या, जातां-येतां धरून ब्याऐंशी. त्या एका दमांत करूं नयेत. सकाळीं चाळीस, संध्याकाळीं बेचाळीस कराव्या, आणि मोजावयास वाटाण्यांची वाटी खिडकींत ठेवावी.