तळ्याकाठचा दर्यावर्दी

आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण मी वर्गात शिकवीत होतो. मालवणकडचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, इथे सोलापुरात बसून गुराबा आणि गलबते वाचायची म्हणजे वाळवंटात पोहणे शिकण्यासारखेच की!" वर्ग हसला, मीही हसलो. संध्याकाळी मात्र त्याला घेऊन किल्ल्यावर गेलो. तटाला लागूनच सिद्धेश्वराचे तळे. म्हटले, "या गावाने एक मोठा दर्यावर्दी पाहिला आहे. हौसेने आलेला नव्हे, कैदी म्हणून आणलेला. त्याचे नाव तुळाजी आंग्रे."

वाचकहो, तुळाजीची ही गोष्ट आपल्या शिडाच्या लढाऊ जहाजांचीही गोष्ट आहे.

1657 साली कल्याण-भिवंडी हाती आली आणि शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला. त्यांची जहाजे आपल्या किनाऱ्याला साजेशी होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद आणि उथळ तळाची. तिच्या मोठ्या तोफा पुढच्या टोकाशी असत. गलबत तिची धाकटी बहीण. त्याला शिडे तर होतीच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागच्या जागी डुलत राही. अशा वेळी गलबते दोर लावून गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस नेत. तिथे शत्रूच्या तोफा कमी. डोलकाठ्या मोडल्या की गलबतांतली माणसे जहाजावर चढत. 1679 साली खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांना अशा हलक्या होड्यांनी जेरीस आणले. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा कान्होजी आंग्र्यांनी त्यांना हात हलवीत परत पाठविले.

आज्ञापत्रकारांचा सल्लाही हाच : गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, वाऱ्यावाचून निकामी होणारी प्रचंड जहाजे बांधण्याचे कारण नाही. किनारा राखावयाचा तर हे शहाणपणाचेच होते.

पण तिकडे युरोपात जहाज थांबले नव्हते. सोळाव्या शतकात त्याच्या कुशीत तोफांसाठी खिडक्या पडल्या. सतराव्या शतकात जहाजे एकामागे एक रांगेत ठेवून कुशीच्या साऱ्या तोफा एकदम डागण्याची रीत बसली. अठराव्या शतकात 74 तोफांचे जहाज हे आरमाराचे मुख्य बळ ठरले. असे जहाज महिनोन्‌महिने खोल समुद्रात राही. त्याच्यामागे गोद्या, कारखाने आणि राज्याचा अखंड खजिना उभा असे.

तुळाजीला वाऱ्याची ही दिशा कळली असावी. 1754 साली त्याने तीन डच जहाजे गाठून दोन जाळली, एक पकडले. विजयदुर्गास त्याच्या गोदीत मोठी जहाजे बांधली जात होती. परंतु तो पेशव्यांना जुमानीत नव्हता, आणि त्याची जरब आपल्याच लोकांनाही बसत होती. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांचा हात धरला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेले! दाटीने उभ्या असलेल्या आरमारात आग पसरली आणि सारे जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला. आधी साताऱ्याजवळच्या वंदनगडावर आणि पुढे सोलापुरात त्याची कैद गेली.

बंडखोर सरदाराला वठणीवर आणणे हा राज्याचा हक्क, यात वाद नाही. पण सरदाराबरोबर आरमारही जळू द्यावे काय? गोदी, सुतार, तांडेल, खलाशी ही पिढ्यांची कमाई. ती राखून केवळ धनी बदलता आला असता. सुतारांची विद्या तर या किनाऱ्यावर होतीच. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जहाजे बांधली. 1810 सालचे 74 तोफांचे 'मिंडेन' त्यांचेच. 1817 सालचे 'त्रिंकोमाली' तर इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. लाकूड इकडचे, हात इकडचे; निशाण तेवढे दुसऱ्याचे!

एवढे बोलून होईतो अंधार पडला होता. मुलगा बराच वेळ तळ्याकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "सर, त्याने हे पाणी पाहिले असेल, तर त्याला काय वाटले असेल हो?"

मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात आरमाराचे प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केले. या खेपेस कोणी हसले नाही.