दातामागे दात

मूल ६-७ वर्षांचे झाले, की दुधाचे दात पडू लागतात. कधी जुना दात पडण्याआधीच त्याच्या मागे नवा दात डोकावतो. आईबाप घाबरतात. पण यात अपशकुन नाही, रोगही नाही.

नवा दात वर येताना दुधाच्या दाताचे मूळ झिजते. मग तो पडतो. नवा दात जरा मागून आला, तर हे मूळ पुरते झिजत नाही.

जुना दात हलत असेल, तर मुलाला तो जिभेने हलवू द्या. दोरा बांधून ओढू नका. तो पडला, की जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे सारते. दात मुळीच हलत नसेल, किंवा २-३ महिन्यांत पडला नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

नवा दात मात्र उपटू नका. तो गेला, की परत यायचा नाही!