सुरी विसरली तर? शब्बाथचा एक जुना पेच

कोकणातले ‘शनिवार तेली’ ऐकलेत ना? म्हणजे आपले बेने इस्राएली. तेलाचा धंदा करायचे, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. आज त्याच शनिवारबद्दल, म्हणजे शब्बाथबद्दल बोलतो.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. मग लाकूड तोडणं नाही, विस्तव पेटवणं नाही, सार्वजनिक रस्त्यावरून वस्तू नेणंसुद्धा नाही. पण दुसरी आज्ञा अशी, की मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. आणि शनिवारी जन्मलेल्या बाळाचा आठवा दिवस पुन्हा शनिवारच! अशा वेळी, बाळ ठणठणीत असेल तर, सुंता शब्बाथलाच होते. इथवर सगळ्यांचं एकमत.

आता समजा, सगळे जमलेत, आणि सुरी दुसऱ्या घरी राहिलीय. आणायची का?

इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात यावर दोन मतं आहेत. रब्बी एलिएझर म्हणतात, खुशाल आणा. सुरीच नसेल तर लाकूड तोडा, कोळसा करा, लोखंडाचं हत्यार घडवा! आज्ञेसाठी सूट आहे, तर तिच्या तयारीलाही आहे.

रब्बी अकिवा म्हणतात, थांबा. जे काम शुक्रवारी उरकता आलं असतं, त्यासाठी शब्बाथ मोडायचा नाही. सुंता आधी करताच येत नाही, म्हणून तिला सूट. सुरी मात्र काल आणून ठेवता आली असती.

पुढे नियम अकिवांच्या मताप्रमाणेच ठरला. म्हणजे सुरी विसरली, तर आठवा दिवस हुकतो आणि सुंता पुढे जाते. कठोर वाटतं ना? मलाही वाटलं. पण तीच मिश्ना वाटही काढते: जखमेवर लावायचं जिरं आदल्या दिवशी कुटलं नसेल, तर दातांनी चावून लावा.

एक घोळ मात्र करू नका. जिवावर बेतलं असेल, तर हा हिशेब लागूच होत नाही. जीव वाचवायला शब्बाथ बाजूला ठेवायचाच, तयारीसकट.

मला यातून एवढं कळलं, की सूट आज्ञेला मिळते, आपल्या विसरभोळेपणाला नाही. शुक्रवारही तितकाच मनापासून पाळावा लागतो. चला, भेटू पुढच्या भागात!