बाटलीवर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, गोटी सोड्याची बाटली तुम्ही सगळ्यांनीच पाहिली असेल. जत्रेत, एस.टी. स्टँडबाहेर अंगठ्याने 'फट्ट' करून फोडलेला तो सोडा! पण ही बाटली मुळात आली कुठून? हा प्रश्न मला पडला तो आमच्या गावातल्या एका आजींमुळे. निराधार योजनेच्या कागदपत्रांसाठी त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. त्यांच्या फळीवर एक जाड, हिरवट बाटली आहे. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने नातवाला तिचे बरे पैसे देऊ केले होते. आजी म्हणाल्या, "विकायची तर विका, पण आधी तिची माहिती तरी काढ गं बाई."

मग काय, लागले मागे! पाण्यात वायू मिसळण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला शोधली. पण वायू बाटलीत टिकवायचा कसा? बूच सुकलं की तो निसटायचा. म्हणून बुडाला निमुळत्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहतच नाहीत, आडव्याच ठेवाव्या लागतात; म्हणजे बूच ओलं राहतं.

हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीत बुचाचं कामच उरलं नाही. बाटली उलटी धरून भरायची. आतल्या वायूचा दाबच काचेची गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो. मानेवरचे दोन खळगे शोभेचे नाहीत बरं का! ती बाजू खाली ठेवून ओतलं की गोटी तिथे अडकते, धार बंद होत नाही.

आजींच्या बाटलीच्या बुडाशी 'बार्न्सली' हे पुसट नाव सापडलं. कॉडचे भागीदार रायलँड्स यांचा काचकारखाना याच गावचा. साच्याची रेघही ओठाच्या खालीच थांबते, कारण गोटी आत टाकून मग ओठ हाताने घडवत. म्हणजे बाटली बोटीने आलेली! पुण्यात आर्देशीर १८८४ मध्ये, मुंबईत ड्यूक्स १८८९ मध्ये सुरू झाले, त्याच सुमाराच्या काळातली ही चीज. १८९२ मध्ये अमेरिकेत पत्र्याच्या बिल्ल्याचं पेटंट झालं आणि तिकडे गोटी मागे पडली. आपल्याकडे मात्र टिकली. धुवा, भरा, पुन्हा वापरा!

बाटलीवर आजींच्या आजेसासऱ्यांचं नाव इंग्रजी उठावात आहे. मी वाचून दाखवलं, तशा आजी हसल्या. "नाव त्यांचं गं. बाटल्या धुवायच्या कुणी? मी नि माझ्या सासूने. थंडीत बोटं बधिर व्हायची. मशिनचं चाक फिरवायला गडी नाही आला, तर पदर खोचून आम्हीच. बाटली फुटायची भीती, म्हणून हाताला गोणपाट गुंडाळायचं." त्यांनी मनगटावरचा व्रण दाखवला. हे कुठल्याच काचेवर उठलेलं नाही.

मी एका चिठ्ठीवर बाटलीचा इतिहास लिहिला. खाली दोन्ही सासू-सुनांची नावं घातली आणि चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात बांधली. नातवाने ती दोनदा वाचली. विकायचा विषय तूर्त तरी बंद आहे.

तुमच्याही माळ्यावर जुनं जातं, अडकित्ता, पितळी डबा असेलच. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, "हे कोण वापरायचं गं?" आणि सांगेल ते लिहून ठेवा.